गाडीला काय लागतं

दुपारचा चहा होईपर्यंत आमचे हे शांत असतात. खिडकीशी बसून कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे जाणारे ट्रेलर बघतात, मधूनच एखाद्याचा नंबर मोठ्याने वाचतात. चहाचा कप खाली ठेवला की मात्र उठतात, दाराशी जातात, कडी चाचपतात आणि माझ्याकडे वळून अतिशय सभ्यपणे म्हणतात, "बाई, चहा छान होता. आता मला घरी जाऊ द्या."

घर म्हणजे कुठलं, हे मला अजून कळलेलं नाही. रोडपालीचा हा फ्लॅट त्यांनीच घेतला, फरशी त्यांनीच निवडली, स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची माझ्या कमरेला बघून त्यांनीच ठरवली. आता इथे ते पाहुणे आहेत. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवला, आजाराचं नाव सांगितलं आणि संध्याकाळ जवळ आली की अशा माणसांचं जास्त बिघडतं असंही सांगितलं. त्यावर गोळी दिली. गोळी घेऊन हे गुंगीत चालायचे. एकदा बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून कपाळ फोडून घेतलं, तेव्हा मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं की ही गोळी आम्हाला नको, दुसरं काहीतरी सुचवा. दुसरं काही त्यांच्याकडेही नव्हतं.

मग विनवण्या, मग दार ठोठावणं, मग रडणं. तळोज्याच्या कारखान्यात खरेदी खातं सांभाळणारा, भल्याभल्या पुरवठादारांना घाम फोडणारा हा माणूस माझ्यापुढे हात जोडून रडायचा, आणि मी त्याची बायको आहे हे त्याच्या गावीही नसायचं. लोक म्हणतात, तुम्ही किती सोसता. मी सोसत वगैरे काही नव्हते. मी आत बेडरूममध्ये जाऊन उशीत तोंड खुपसून ओरडायचे आणि परत बाहेर यायचे.

गाडीचा शोध मला चुकून लागला. एका दुपारी काहीच सुचेना म्हणून म्हटलं, "चला, सोडते तुम्हाला घरी," आणि खाली नेऊन गाडीत बसवलं. ते डावीकडच्या सीटवर बसले. सीटवरचं प्लास्टिक कुरकुरलं. हे प्लास्टिक गाडी नवी आली तेव्हापासूनचं. गाडी विकायला काढली की सीट नव्या दिसल्या पाहिजेत, या हट्टापायी त्यांनी ते कधी काढू दिलं नाही, फाटलं तिथे खाकी चिकटपट्ट्या लावल्या. उन्हाळ्यात ते पाठीला चिकटायचं आणि आमची भांडणं व्हायची. गाडीत वासही ठरलेला. दाराच्या कप्प्यातला कापूर, उंदरांसाठी बॉनेटमध्ये बांधलेल्या तंबाखूच्या पुडीचा उग्रपणा आणि वर्षानुवर्षांचं तापलेलं प्लास्टिक. तर ते बसले, जुन्या सवयीने पट्टा लावला, मी गाडी सुरू केली, आणि शेजारून आवाज आला, "अगं, आरसा बघितलास का? की नुसताच साडीचा पदर सावरते आहेस?"

मी ब्रेक दाबून तिथेच थांबले. माझ्यावर असं कुणी खेकसून कितीतरी दिवस झाले होते.

पुढे ते रोजचंच झालं. चहा झाला की खाली यायचं, रोडपालीतून निघायचं, खारघरच्या अंगाने ओवे गावापर्यंत जायचं आणि वळून परत. गाडीत बसले की ते माझे नवरे असायचे. क्लचवर पाय ठेवते म्हणून बोलणी बसायची, ट्रकच्या मागे फार चिकटते म्हणून बसायची, मुलाचा फोन आला का अशी चौकशीही व्हायची. परत आल्यावर लिफ्टमध्ये शिरेपर्यंत ओळख टिकायची, कधी जेवणापर्यंत. मग पुन्हा "बाई". पण तेवढ्यावर माझा दुसरा दिवस निघायचा. दिवसातला तो एवढाच तुकडा मला उरला होता आणि तो त्या गाडीत होता.

मुलगा बंगळुरात असतो. त्याने कर्जतच्या बाजूला एक जागा बघून ठेवली होती, जिथे अशा माणसांना ठेवून घेतात. वाईट मुलगा नाही तो. व्हिडिओ कॉलवर बाबांचं दार ठोठावणं त्याने पाहिलं होतं. "आई, तू आधी जाशील अशाने," म्हणाला. मी त्याला म्हटलं, जोवर गाडी आहे तोवर मी त्यांना कुठेही पाठवणार नाही. त्याने ते मान्य केलं. आमच्यात तो करारच झाला म्हणायचा.

आणि मग गाडी बंद पडली.

कळंबोलीच्या चौकाजवळ, जिथे एक्स्प्रेसवेकडे जाणारे आणि बंदराकडे वळणारे असे सगळे कंटेनर एकमेकांच्या अंगावर येतात, तिथे तापमानाचा काटा लालमध्ये गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि इंजिन मेलं. मी चावी फिरवत राहिले. मागून हॉर्नवर हॉर्न. मी आरशात बघत होते तेवढ्यात डावीकडचं दार उघडल्याचा आवाज आला. हे उतरले आणि शांतपणे, फिरायला निघाल्यासारखे, दोन ट्रेलरच्या मधून चालू लागले. मी कशी उतरले, कशी धावले, मला आठवत नाही. एका ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि मला मराठीत आणि हिंदीत जे काय सुनावलं ते सगळं मी ऐकून घेतलं. त्यांचा शर्ट माझ्या मुठीत होता. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "सोडा हो, बाई, मला उशीर होतोय."

गाडी ओढून नेली. आम्ही रिक्षाने आलो.

म्हणजे आता प्रश्न सोपा होता आणि भयंकर होता. गाडी नसली तर दुपार निघणार नाही. आणि गाडी भर रस्त्यात बंद पडली तर मी या माणसाला ट्रकखाली घालवून बसेन.

महामार्गाला लागून असलेल्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये आजवर मी फक्त एसीत बसून मासिकं चाळायला गेले होते. गाडीचं सगळं हे बघायचे. तिथल्या लोकांशी त्यांचं ठरलेलं भांडण असायचं. ते पेन काढायचे आणि समोरच्याने सुचवलेल्या कामांवर एकामागून एक काट मारायचे. "कारखान्यात मी हेच करतो," म्हणायचे. "विकणारा सांगतो त्यातलं निम्मं त्याला लागतं, आपल्याला नाही." कुठलं निम्मं, ते मात्र कधी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण ते बघणारा माणूस होता ना.

या खेपेला खालच्या मजल्यावरच्या वहिनींना यांच्याजवळ बसवून मी एकटी गेले. वहिनी इथल्याच मूळ गावच्या. घरचे ट्रेलर आहेत, बोलणं सडेतोड. "तुमी जा बिनघोर, आमी हाय ना इथं," म्हणाल्या. "आनि त्यांचा सगला ऐकू नका. आमचे ट्रेलरला एसीचा औषध कोन मारतंय? चालतान ना?"

काउंटरवरचा मुलगा माझ्या मुलाहून लहान असेल, चकचकीत बूट, हातात टॅब. त्याने वाचायला सुरुवात केली. कूलंटचा पाइप फुटलाय, तो बदलायचा. थर्मोस्टॅट. इंजिन ऑइल, फिल्टर. ब्रेक पॅड. टायमिंग बेल्ट. इथवर मी मान डोलावत होते. मग त्याची यादी सुसाट सुटली. इंजिन डीकार्बनायझिंग, इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, खालून गंज न चढण्याचं कोटिंग, उंदीर न येण्याचा फवारा, हेडलाइट पॉलिश, एसीचं निर्जंतुकीकरण, आणखी कसली तरी ट्रीटमेंट.

"हे सगळं लागतं?" मी विचारलं.

"मॅडम, गाडी जुनी आहे ना, तर आम्ही रिकमेंड करतो."

"किती दिवस लागतील?"

"सगळं करायचं तर तीन-चार दिवस धरून चाला."

तीन-चार दुपारी. पैशाचं मला काही वाटत नव्हतं. पेन्शन येते, मुलगा पाठवतो. पण तीन-चार दुपारी मी त्या दाराशी उभी राहू शकत नव्हते. आणि घाईत नको म्हटलेल्या कामामुळेच उद्या पुन्हा भर चौकात वाफ आली तर? दोन्हीकडून माझाच गळा. मुलाला फोन केला. "आई, सगळं करून टाक, कशाला डोकं लावतेस," म्हणाला. त्याची मीटिंग होती.

मग मला त्या पोराचा राग आला, मुलाचा राग आला, आणि ज्याला हे सगळं येत होतं आणि जो आता घरी बसून ट्रेलरचे नंबर वाचत होता त्याचा तर एवढा राग आला की डोळ्यात पाणी आलं. अहो, एकदा तरी सांगून ठेवायचं होतंत ना, कशावर काट मारायची ते!

मी गाडीतून कंपनीचं पुस्तक मागवलं. सोबत जे छापील पुस्तक येतं, जे कुणी उघडत नाही, ते. त्या सोफ्यावर बसून चष्मा लावून वाचलं. पुस्तक इंग्रजीत होतं, पण सोप्या इंग्रजीत होतं. त्यात कधी काय बदलायचं हे सरळ लिहिलं होतं. ऑइल होतं, फिल्टर होते, कूलंट होतं, ब्रेकचं ऑइल होतं, बेल्ट होता. डीकार्बनायझिंगचं नाव नव्हतं. फ्लशचं नव्हतं. कोटिंगचं, फवाऱ्याचं, पॉलिशचं, कशाकशाचं नव्हतं.

तेवढ्याने माझी भीती गेली नाही. पुस्तक नव्या गाडीसाठी लिहिलेलं, आमची म्हातारी. म्हणून मी त्या पोराला समोर बसवलं आणि प्रत्येक कामाला एकच विचारायला लागले.

"हे नाही केलं तर गाडी रस्त्यात बंद पडेल?"

"तसं नाही मॅडम, पण पिकअपमध्ये फरक..."

"मला पिकअप नको आहे. बंद पडेल का?"

"नाही, बंद नाही पडणार."

"काढा."

इंजिन फ्लश गेला. इंजेक्टर क्लीनिंगला तो थोडा अडखळला. आता धूर येतोय का, गाडी झटके देते का, असं विचारल्यावर नाही म्हणाला, म्हणून तेही गेलं. कोटिंग गेलं. हेडलाइटला मी म्हटलं, आम्ही दिवसाउजेडी फिरतो. उंदराच्या फवाऱ्यावर मात्र मी अडकले. आमच्या पार्किंगमध्ये उंदीर आहेत आणि उंदराने वायर कुरतडली तर गाडी खरंच बंद पडते. पण तंबाखूची पुडी इतकी वर्षं टिकली होती. ती तशीच राहू द्या म्हटलं. ब्रेकचं ऑइल बदलायचं ठरवलं, त्यावर मी वाद घातला नाही. बॅटरी तपासायला सांगितली. ती दम धरून होती.

शेवटी उरला टायमिंग बेल्ट. पुस्तकात जेवढे किलोमीटर लिहिले होते तेवढी आमची गाडी धावली नव्हती. पण वर्षांचा हिशेब कधीच उलटून गेला होता. आणि त्या कामाला अख्खा एक दिवस जास्त लागणार होता.

"हा नाही बदलला तर?"

पोराने या वेळी टॅबकडे बघितलं नाही. "मॅडम, हा तुटला तर गाडी जागच्या जागी थांबते. इंजिनही जातं. कधी तुटेल ते सांगता नाही येत."

मी डोळे मिटले. कळंबोलीचा चौक दिसला, उघडलेलं दार दिसलं. "बदला," म्हटलं. म्हणजे एक दुपार गाडीशिवाय काढायची होती. ती मी कबूल केली.

त्या दुपारबद्दल मला लिहायचं नव्हतं. पण एवढं सांगते. चहा झाला, ते उठले, कडी चाचपली. मी म्हटलं, गाडी दुरुस्तीला दिली आहे, उद्या जाऊ. त्यांनी ऐकलं, मान डोलावली आणि पुन्हा कडीला हात घातला. मी रिक्षा बोलावली. रिक्षात बसायला तयार झाले, पण चालू रिक्षातून उतरायला लागले, मी त्यांच्या मांडीवर आडवी पडून त्यांना धरलं. रिक्षावाल्याने आम्हाला तिथल्या तिथे परत आणून सोडलं. जिन्यात ते ओरडायला लागले, "या बाईने मला कोंडून ठेवलंय." शेजारच्या फ्लॅटची दारं उघडली आणि मिटली. घरात आल्यावर त्यांनी मला ढकललं. जोरात नाही. पण माझ्या अंगावर त्यांनी आयुष्यात कधी हात टाकला नव्हता. मी भिंतीला टेकून बसले आणि ठरवलं की मुलाला फोन करते, कर्जतला पाठवू. फोन हातात घेतला. मग मनाला समजावलं, उद्या गाडी येते आहे. उद्याची दुपार बघू. फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी गाडी घ्यायला गेले तेव्हा मी निम्मी मेलेली होते, पण जिंकल्यासारखंही वाटत होतं. पाइप नवा, बेल्ट नवा, ब्रेक नवे. नको ते एकही काम झालेलं नव्हतं. मी एकटीने, कुणाच्या मदतीशिवाय, बरोबर निवड केली होती. यांना कळलं असतं तर खूश झाले असते, तोंडाने बोलले नसते तरी. काचेच्या केबिनमधून मॅनेजर बाहेर आले, हसतमुख. "मॅडम, आमच्या पोराची काल तुम्ही चांगलीच परीक्षा घेतलीत," म्हणाले. "तुम्ही इतके जुने कस्टमर. नाराज होऊन जायला नको, म्हणून आमच्यातर्फे इंटिरियर क्लीनिंग फ्री करून दिलंय. आतून एकदम शोरूम कंडिशन."

फुकट. आमच्या पिढीच्या माणसाला फुकट म्हटलं की दुसरं काही विचारायचं सुचत नाही. काल प्रत्येक कामाची उलटतपासणी घेणारी मी, तोंडभर हसले आणि दोनदा थँक्यू म्हटलं.

गाडी समोर आली. दार उघडलं. सीट करड्या रंगाच्या होत्या. इतकी वर्षं मी त्या कधी बघितल्याच नव्हत्या. प्लास्टिक गेलं होतं, चिकटपट्ट्या गेल्या होत्या, डॅशबोर्डवर काहीतरी तेलकट चकचकीत फासलं होतं, पायाखाली नव्या चटया, आणि आरशाला संत्र्याच्या वासाची कागदी चकती लटकत होती. खरं सांगते, मला आनंद झाला. ज्या प्लास्टिकवरून मी संसारभर भांडले ते शेवटी गेलं. पाठ मऊ सीटला टेकवून मी घरी आले. काटा एकदाही वर चढला नाही. ब्रेकला हलकं पाऊल पुरत होतं. माझा जीव भांड्यात पडला होता.

चहा झाला. कडी वाजली. मी म्हटलं, "चला, गाडी आली." वहिनी कौतुकाने आमच्याबरोबर खाली उतरल्या. मी डावीकडचं दार उघडून धरलं.

ते वाकले, आत डोकावले आणि मागे झाले.

"बसा ना," मी म्हटलं.

"ही आमची नाही."

"अहो, आपलीच आहे. साफ करून आणली. बसा."

त्यांनी हात पुढे करून सीटवर बोटं फिरवली आणि चटका बसल्यासारखी मागे घेतली. मग नाक वर करून श्वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं नव्हतं ते सगळं पुसलं गेलं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मी त्यांना पुढे नेलं, नंबर दाखवला. नंबर त्यांनी वाचला, बरोबर वाचला. "नंबर प्लेट काय, कुणीही लावतं," म्हणाले. खरेदी खात्यातला माणूस. "गाडी बदललेली आहे. मला फसवू नका, बाई."

आणि तेव्हा मला कळलं मी काय गमावलं ते. इतके दिवस मी समजत होते की गाडी फिरते म्हणून ते येतात. फिरण्याचा काही संबंध नव्हता. तो कुरकुर आवाज, तो कापूर-तंबाखूचा वास, ते पाठीला चिकटणारं प्लास्टिक. त्यात बसलं की त्यांना त्यांची बायको सापडायची. इंजिन वाचवायला मी आकाशपाताळ एक केलं होतं आणि लागणारं तेवढं सगळं धुऊन आणलं होतं.

मी वहिनींना म्हटलं, "यांना धरा," आणि तशीच गाडी वळवून सर्व्हिस सेंटरला गेले. सिग्नल तोडला बहुतेक. मागच्या बाजूला जिथे गाड्या धुतात तिथे ओल्या फरशीवरून घसरत आत शिरले. तिथल्या माणसांना वाटलं काही चोरीला गेलं. "प्लास्टिक," मी ओरडत होते, "सीटवरचं प्लास्टिक द्या माझं!" कुणीतरी बोट दाखवलं. कोपऱ्यात दोन पोती होती. मी ती उलटी केली. बाटल्या, फडकी, कुणाच्या तरी गाडीच्या चटया. मॅनेजर धावत आले. "मॅडम, ते फाटकं होतं, सकाळी भंगारवाला घेऊन गेला. तुम्हाला नवीन कव्हर देतो ना, लेदरची देतो, फ्री." बिचारा खरंच घाबरला होता. काल मी ज्या पोराला रडकुंडीला आणलं होतं त्याने मला पाणी आणून दिलं. तो लोखंड बाजारापलीकडच्या भंगारवाल्याला फोन लावत राहिला. भंगारवाला म्हणाला, सगळं गाठोड्यात बांधून गेलं, आता काही सापडायचं नाही.

येताना गाडी फार सुंदर चालली. एवढी सुंदर ती कधीच चालली नव्हती. रोडपालीच्या वळणावर मी ती बाजूला घेतली, संत्र्याची चकती उपटून खिडकीबाहेर फेकली आणि स्टीअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडले. मग तोंड पुसलं आणि सोसायटीत शिरले.

ते वॉचमनच्या बाकावर बसले होते, वहिनींच्या शेजारी. ओरडत नव्हते. मी दूर गाडी लावली, त्यांना दिसणार नाही अशी, आणि चालत गेले. वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता उठून गेल्या. मला बघून ते थोडे सरकले, बसायला जागा केली. अनोळखी बाईला करतात तशी, अंतर राखून.

"बसा. तुम्हीही कुणाची वाट बघताय?"

"हो," मी म्हटलं.

"माझी बायको येणार आहे," ते म्हणाले. "मला न्यायला. उशीर कधी करत नाही ती. आज काय झालं कोण जाणे."

मी त्यांच्या हाताकडे बघत होते. तो माझ्यापासून वीतभर अंतरावर होता.

"येतील त्या," मी म्हटलं.

"येईल हो. तुम्ही माझ्यासाठी खोळंबू नका, तुमच्या घरचे वाट बघत असतील."

"नाही. मी थांबते. त्या येईपर्यंत."

त्यांना ते बरं वाटलं. त्यांनी माझे आभार मानले, आणि मग आम्ही दोघं गेटकडे बघत बसलो.